तीनशे चाळीस रुपयांचा पाहुणचार

मोठ्या कॅफेतल्या कॉफीबद्दल मला काय वाटतं, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. गरम दूध, त्यात कॉफीचा नुसता वास, वर बोटभर फेस, आणि त्याचे तीनशे चाळीस रुपये. दर दोन महिन्यांनी फळ्यावरचा आकडा वाढतो, पण कॉफी तेवढीच बेचव राहते. लोक एक कप घेऊन लॅपटॉप उघडतात आणि दुपारपर्यंत हलत नाहीत. ते पैसे कॉफीचे नसतातच, खुर्चीचं भाडं असतं, आणि ते भरायला शिकलेसवरलेले लोक रांगा लावतात.

मुलीच्या लग्नाचं पाहत होतो तेव्हा अशाच एका कॅफेत जायची वेळ आली. तिनं आधीच सांगितलं होतं, "बाबा, मी पोह्यांचा ट्रे घेऊन कुणासमोर येणार नाही हां." ते मला पटलं होतं. अंधेरीच्या एका मुलाला ती स्वतःच चार-पाचदा भेटली, दोघांचं जमलं, आणि आता घरच्यांनी भेटायचं होतं. आम्ही मुलुंडचे, ते अंधेरीचे, म्हणून घाटकोपरचं कॅफे ठरलं. वय एकतीस झालं तरी तिला पहिल्यांदाच कुणी मनापासून आवडलं होतं, हे मला ठाऊक होतं.

मी, बायको आणि मुलगी पोचलो तेव्हा मुलगा आणि त्याचे आईवडील आधीच येऊन बसले होते. वडील मालवणकडचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. आम्हाला पाहताच ते उठले, काउंटरवर स्वतः रांगेत उभे राहिले आणि सगळ्यांसाठी सहा कॉफ्या घेऊन आले.

"घेवा, थंड होतली," ते म्हणाले.

मी कप उचलला आणि सुरू झालो. म्हटलं, "अहो, कशाला सहा आणल्यात? वन बाय टू केलं असतं. तीनशे चाळीस म्हणजे शुद्ध लूट आहे. दोन हजारांचा चुना लावला तुम्हाला. अक्कल गहाण टाकल्याशिवाय इथे कुणी पाऊल ठेवत नाही."

मला वाटलं, हसतील. माझं हे भाषण सोसायटीत चांगलं चालतं. मुलगा टेबलाकडे बघत राहिला. त्याच्या आईनं उचललेला कप खाली ठेवला. वडील म्हणाले, "पोरांका आवडता, म्हणून आणलंय." नंतर हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि अर्ध्या तासात सगळे उठलो.

परतताना रिक्षात मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांनी आपल्याला पाहुणे म्हणून कॉफी पाजली आणि तू तिचा भाव काढलास."

मी म्हटलं, "मी कॅफेबद्दल बोललो, त्यांच्याबद्दल नाही."

"आपल्या घरी येऊन कुणी पोह्यांचा भाव काढला असता तर?"

मी त्या माणसाला दाराबाहेर काढलं असतं. तेवढं मला कळलं, पण कॅफे म्हणजे दुकान आणि दुकानात भावाबद्दल बोलायला काय हरकत आहे, असा वाद मी मुलुंड येईपर्यंत घालत राहिलो. लाज वाटत होती, म्हणूनच आवाज चढत होता.

दोन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी मायलेकी तयार झाल्या. मीही कपाटातून शर्ट काढला, तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही राहू दे. आम्ही जाऊन येतो." कुठे, ते दोघींनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुपारी त्या अंधेरीहून पेढे घेऊन आल्या. साखरपुड्याची तारीखसुद्धा धरली होती. मुलीनं वाकून नमस्कार केला, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वर्षानुवर्षं मी ज्याची वाट पाहिली, ते माझ्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मी घरी एकटा टीव्ही बघत बसलो होतो.