हौसाची कोरडी सुई

शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं, आणि सुभेदार हणमंतराव पोटरीत सुई असतानाच टेबलावरून उतरून सावधान उभे राहिले.

उतरले म्हणणं जरा सौम्य झालं. ते उडालेच. क्षणापूर्वी पालथे पडून घोरायच्या बेतात असलेला हा गृहस्थ पुढच्या क्षणी छाती काढून, मुठी आवळून, भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्रासमोर खांबासारखा उभा होता. डाव्या पायाची विजार गुडघ्यावर आणि पोटरीत केसासारखी बारीक सुई.

"काका, हलू नका!" हौसा ओरडली.

सावधानमध्ये उभा असलेला फौजी तसाही हलत नाही, त्यामुळे हुकूम आयताच पाळला गेला. हौसाने खाली बसून पाय दोन्ही हातांनी धरला. राष्ट्रगीत संपलं. मग त्यांना हळूहळू आडवं करून, आवळलेली पोटरी सैल पडेपर्यंत वाट पाहून तिने सुई काढली. ती लेझमीच्या धनुष्यासारखी वाकलेली होती.

"ही बघा," तिने सुई त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "आप किधर की जंग पे चालले होते?"

रागावली की हौसाची मराठी हिंदीत घसरते, हे हणमंतरावांना ठाऊक होतं. ते नरमाईने म्हणाले, "पोरी, पस्तीस वर्षांची सवय आहे. कान ऐकतात आणि पाय उठतात. मध्ये मला कुणी विचारत नाही."

"ही सुई वरच्या पोटरीत होती म्हणून निभावलं. आतल्या स्नायूत असती ना, तर आत्ता मी तुमच्याशी बोलत नसते. देवाशी बोलत असते."

हौसा म्हणजे झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीतल्या एका हवालदाराची थोरली मुलगी. वडील माण तालुक्यातले. पहिली मुलगी झाली तेव्हा त्यांनी गावाकडच्या आईचं नाव तिला देऊन टाकलं, आणि पोरीला झाशीतल्या शाळेत ते नाव वागवावं लागेल याचा काही विचार केला नाही. पुढे वडिलांचे गुडघे चेपता चेपता ती फिजिओथेरपीच्या कॉलेजात पोचली. आता सिपरी बाजारात तिचा दवाखाना आहे. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि बरुआसागरहून आल्याची शेती करणारा कंबर धरून आला की त्याच्याशी बुंदेली. बिजौलीच्या कारखान्यातले खांदे, शाळेतल्या मास्तरणींच्या टाचा, सगळं तिच्याकडे येतं.

तिच्यात एकच दोष होता. तिला ठाम खोटं बोलता येत नसे. पेशंट विचारी, "दीदी, ठीक हो जाएगा ना?" त्यावर कुठलाही शहाणा माणूस "बिल्कुल" म्हणून मोकळा होईल. हौसा म्हणे, "पता नहीं, देखते हैं." या उत्तरापायी तिची निम्मी गिऱ्हाइकं मागच्या गल्लीतल्या मालीशवाल्याकडे जात. तो कधीच काही पाहत नसे. त्याला सगळं आधीच माहीत असे.

हणमंतराव मात्र हटून हौसाकडेच येत. एक तर ती त्यांच्या जुन्या दोस्ताची मुलगी. दुसरं म्हणजे त्यांना घाई होती.

झाशीतल्या मराठी मंडळींच्या गणपतीची मिरवणूक लक्ष्मी तालावर, म्हणजे तिथल्या तळ्यावर जाते. तिच्यापुढे लेझीम असते, आणि लेझमीच्या पुढे तोंडात शिट्टी घेऊन हणमंतराव असतात. निवृत्त होऊन ते गावी गेले नाहीत, झाशीतच घर केलं, त्यामागे बायकोला सांगायची कारणं पुष्कळ होती. खरं कारण ही शिट्टी. हलगी चढत गेली की ते एका अंगाने झोकांडी घेऊन पार जमिनीलगत बैठक मारत आणि तिथून स्प्रिंगसारखे वर येत. त्या एका बैठकीसाठी पेन्शनर मंडळी खुर्च्या आणून रस्त्याकडेला बसत. पण यंदा सरावाच्या पहिल्याच दिवशी ते खाली गेले ते गेलेच. दोघांनी काखेत हात घालून वर काढलं. नडगीच्या मागे खोलवर कुठेतरी कुणी करवत चालवतंय असं वाटत होतं.

त्या दोघांपैकी एक विद्याधरपंत होते. पंतांचं घराणं मराठ्यांच्या काळात पूजेअर्चेसाठी झाशीत आलेलं, त्यामुळे फौजेतून बदली होऊन आलेल्या मराठी माणसाकडे ते पाहुण्याकडे पाहावं तसं पाहत. हणमंतरावांना उभं करून, त्यांचं धोतर-विजार जे काय होतं ते झटकून पंत म्हणाले होते, "झाशीने सुभेदार पुष्कळ पाहिलेत हो. आपण आता स्वस्थ असावं. शिट्टी आमच्याकडे द्यावी."

शिट्टी! हणमंतरावांनी ती रात्री उशाखाली ठेवली. पत्नी सावित्रीबाई म्हणाल्या, "अहो, चोर घरात शिरला तर मंगळसूत्र नेईल, शिट्टी कशाला नेतोय?"

"चोराची भीती नाही," हणमंतराव म्हणाले. "पंतांची आहे."

तर अशी सगळी घाई. म्हणून वाकलेल्या सुईचं प्रकरण निवल्यावर त्यांनी सरळ विषय काढला. "वरच्या पोटरीचं झालं. आता ती आतल्या स्नायूत मार एकदा आणि मोकळं कर. आणि या वेळी सुईत औषध भर. रिकामीच टोचत होतीस, मी मुद्दाम बोललो नाही."

"कोरडीच असते ती, काका. औषध नसतंच. गाठ धरलेल्या स्नायूला नुसतं टोकानं डिवचायचं, म्हणजे तो दचकतो आणि सैल पडतो. कधी पडतो, कधी नाही."

"मग डिवच की! आम्ही अंधारात रायफल खोलून जोडायचो. तुला एक स्नायू सापडत नाही?"

हौसाने टेबलावरचा पेन उचलला आणि त्यांच्या पायावरच चित्र काढायला घेतलं. वर पोटरीचा मोठा स्नायू, त्याच्याखाली दुसरा, आणि त्याच्याही खाली, नडगीच्या दोन हाडांच्या मधल्या सांदीत तो तिसरा, करवतवाला. "आणि इथून, अगदी त्याला खेटून, रक्तवाहिनी जाते. तिच्याबरोबर तळपायाला जाणारी नस. वरून बोटाला काही कळत नाही. सुई थोडी अलीकडे राहिली तर फुकट. थोडी बाजूला गेली तर लेझीम राहू दे, चप्पल पायात आहे की नाही तेही कळायचं नाही."

हणमंतरावांना गुदगुल्या होत होत्या, पण चेहरा गंभीर ठेवणं भाग होतं. "पण तुझा हात चांगला आहे. सगळे म्हणतात."

"मीही म्हणायचे," हौसा म्हणाली. "शिकताना एकदा मैत्रिणीच्या पायात सुई लावली आणि छातीठोक सांगितलं, बरोब्बर त्याच स्नायूत आहे. सरांनी सोनोग्राफी लावली. सुई भलत्याच स्नायूत, आरामात. जसा झाशीचं तिकीट काढून माणूस ललितपूरला उतरावा. तेव्हापासून इतक्या आत जायचं तर मी पडद्यावर बघूनच जाते. माझ्याकडे ते मशीन नाही. कमलिनी मॅडमकडे जाऊ. त्या दाखवतील, मी लावीन. आणि शाळा सुटल्यावर जाऊ."

डॉक्टर कमलिनींचं सोनोग्राफी सेंटर म्हणजे हणमंतरावांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड आघाडी ठरली. बाकांवर ओळीने गरोदर बायका, त्यांच्या सासवा, आणि मधोमध पिळदार मिशीचे सुभेदार. समोर भिंतीवर ठळक पाटी: इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. शेजारच्या आजीबाईंनी त्यांना नीट न्याहाळून विचारलं, "भैया, तुमाई बहू भीतर है का?"

"नहीं, माताजी."

"बिटिया?"

"नहीं."

"तो फिर?"

हणमंतरावांनी खाली पाहत पोटरीकडे बोट दाखवलं. आजीबाईंनी हातातली जपमाळ थांबवून सुनेला कोपर मारलं, आणि ती बातमी बाकाच्या टोकापर्यंत गेली.

आत अंधार होता, थंड जेल होतं आणि राखाडी पडदा होता. हौसाने त्यांना कुशीवर निजवलं. "इथे राष्ट्रगीत होत नाही, तरी सांगते. काहीही वाजलं तरी उठायचं नाही. शिंक आली तर आधी सांगायचं."

कमलिनीबाईंनी पायावर यंत्र टेकवलं. पडद्यावर ढगासारखं काहीतरी पसरलं. एक काळा ठिपका मात्र लुकलुकत होता.

"हे काय धडधडतंय?"

"तीच रक्तवाहिनी," हौसा म्हणाली. "जिच्या शेजारी तुम्ही मला अंधारात मार म्हणत होतात."

हणमंतराव त्या ठिपक्याकडे पाहत राहिले. स्वतःच्या पायात एक जिवंत ठिपका आपल्याला न विचारता इतकी वर्षं ड्यूटी करतोय, हे पाहून त्यांना का कोण जाणे, त्याला सलाम करावासा वाटला.

नडगीच्या आतल्या बाजूने सुई गेली. पडद्यावर एक चकाकती रेघ हळूहळू पुढे सरकली आणि थांबली. आत काहीतरी बोथट दुखलं. "पोचली!" हणमंतराव हर्षाने म्हणाले. "अगदी त्याच जागी! पैज लावतो."

"हरलात," हौसा शांतपणे म्हणाली. "वरच्याच स्नायूत आहे. मलाही क्षणभर पोचली वाटली होती." तिने सुई मागे घेतली, दिशा किंचित बदलली आणि पुन्हा आत सारली. ठिपका दूर राहिला. मग एकाएकी पायाच्या गाभ्यात कुणीतरी जाळ्यातल्या माशासारखं फडफडलं, आणि हणमंतरावांच्या तोंडून परेडवर कधीही न निघालेला आवाज निघाला. बाहेरच्या आजीबाईंनी तो ऐकून देवाचं नाव घेतलं.

पाय हलका झाला. पण हौसाचं ठाम खोटं न बोलणं चालूच होतं. "लगेच नाचू नका. जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करायचा व्यायाम रोज. आणि मिरवणुकीत पुढे चालायचं, शिट्टी वाजवायची, हात करायचे. बैठक नाही."

"बैठक नाही?" हणमंतरावांना पाय कापायला सांगितल्यासारखं झालं. "मग मी पुढे राहून करू काय? ट्रॅफिक सांभाळू?"

"बैठक मारलीत तर वर याल का, असं विचाराल तर," हौसा म्हणाली, "पता नहीं."

विसर्जनाच्या दिवशी हणमंतराव फेटा बांधून पुढे होते. शिट्टी तोंडात, पाय ताब्यात. तळ्याच्या वळणावर हलगी चढायला लागली. खुर्च्यांवरची पेन्शनर मंडळी पुढे सरसावली. "सुभेदार, बैठक!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळ्यांनीच लावून धरलं. हणमंतरावांचा गुडघा आपोआप वाकायला लागला. पुन्हा तेच. कान ऐकत होते आणि पाय निघाले होते. एवढ्यात गर्दीत हौसा दिसली. ती ओरडली नाही. तिने फक्त दोन बोटांच्या चिमटीत न दिसणारी सुई धरून दाखवली.

हणमंतरावांना तो लुकलुकणारा ठिपका आठवला. गुडघा सरळ झाला. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं, सदऱ्याला पुसली आणि शेजारच्या पंतांपुढे धरली. "पंत, घ्या. मारा बैठक."

विद्याधरपंत कितीतरी वर्षं याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांनी शिट्टी ओठांत धरली, घराण्याला शोभेलशी झोकांडी घेतली आणि खाली गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या. पंत खालीच होते. शिट्टी अधूनमधून बारीक वाजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतराव स्वतः त्यांना रिक्षात घालून हौसाकडे घेऊन आले. पंत टेबलावर पालथे होते आणि हौसा बोटांनी पोटरी चाचपत होती. शिट्टी पुन्हा हणमंतरावांच्या खिशात होती, त्यामुळे त्यांचं मन अत्यंत उदार झालं होतं.

"घाबरू नका, पंत. वर एक स्नायू, खाली दुसरा, आणि तिसरा पार सांदीत. तिथे पैज लावायची नाही. फक्त पडून राहायला जमलं पाहिजे." मग ते हौसाकडे वळले. "हौसा, सांग यांना, पेशंटनं माझ्यासारखं निपचित कसं पडायचं ते."

हौसाने मान वरही केली नाही.

"काका, बाहेर जा, शाळा भरतेय."