उन्हात लावलेली गाडी

आमची जीप खोबरेलावर चालायची हे सांगितलं की बाहेरची माणसं आधी हसतात. हसू देत. जुन्या डिझेल इंजिनाला फार नखरे नसतात, पाजाल ते पितं. लॉकडाऊनच्या वर्षी पर्यटकांची भाडी बंद झाली, जीप दारात उभी राहिली आणि माळ्यावर ठेवलेल्या खोबऱ्याला बुरशी धरली. त्याचं घाण्यावर काढलेलं तेल खायच्या लायकीचं नव्हतं, डोक्याला लावावं तर वास मारायचं. फेकून देणं माझ्या जिवावर आलं. जुन्या लुंगीतून गाळलं, त्यात निम्मं डिझेल मिसळलं आणि दिलं टाकीत ओतून. खोकत, धूर सोडत का होईना, गाडी मालवणहून कुडाळ स्टेशनला जाऊन परत आली.

धुराला तळणीचा वास. बायको म्हणायची, "तुमची गाडी वळणार इली की आख्ख्या वाडीक भूक लागता. लोकांका वाटता, खंय तरी वडे तळतत." पुढे पर्यटक परत आले तर त्यांनाही त्या वासाचीच गंमत. मग मी ते तेल सोडलंच नाही.

अडचण एकच होती. थंडीत खोबरेल थिजतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. न्हाणीतली बाटली दारापुढच्या खळ्यात उन्हात ठेवायची, की पातळ होतं. गाडीलाही तोच न्याय. थंडीच्या दिवसांत मी जीप खळ्यात पूर्वेकडे तोंड करून लावायचो आणि ऊन चांगलं चढेपर्यंत भाडं घ्यायचो नाही. मी विसरलो तर बायको आतून ओरडायची, "गाडी उनात लावा, तेल थिजात!" बाटली आणि गाडी, दोन्हींची राखण तिच्याकडे होती.

तिच्या पोटातलं दुखणं आमच्या डॉक्टरांच्या हाताबाहेर गेलं, तेव्हा मी तिला ह्याच जीपमधून कोल्हापूरला नेलं. भर दुपारी घाट चढलो. इंजिन तापलेलं, गाडी मजेत चालली होती. ती पुढे बसून वाटेतल्या हॉटेलांना नावं ठेवत होती. इस्पितळात तिला खाटेवर घेतलं आणि त्यानंतर मी खाली गाडीकडे फिरकलोच नाही. गाडी आवारात, मोठ्या इमारतीच्या मागे उभी होती.

एका सकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, "आता इथं ठेवून उपयोग नाही. घरी न्यायचं असेल तर आजच न्या. उद्याचं मी सांगू शकत नाही."

तिला काय सांगायचं ह्याची जुळवाजुळव करत आत गेलो, तर तिला सगळं कळलेलंच होतं. "माका घराक घेवन चला," ती म्हणाली. "आपल्या पडवीत निजवा माका." घरी आमची मुलगी पडवीत बिछाना घालून बसली होती. फोनवर ती एवढंच विचारत होती, कधी पोचाल.

नर्सबाई म्हणाल्या, ॲम्ब्युलन्स बोलावते. बायकोने उशीवरच मान हलवली. "त्या गाडीतसून इल्लो माणूस खंय परत उठलो? आपलीच गाडी काढा." मी समजावलं, हात जोडले, चिडलोसुद्धा. मरणाच्या दारात असलेल्या बाईवर मी चिडलो. ती बधली नाही. उभ्या जन्मात कधी बधली नव्हती, आता कशाला बधेल.

तिला मागच्या सीटवर गादी घालून निजवलं आणि किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं. पुन्हा फिरवली. बॉनेट उघडून फिल्टर सोडला, तर आत पांढरं घट्ट तेल, चमच्याने काढावं असं. कोल्हापूरची थंडी, त्यात इमारतीची सावली. रोज सकाळी घरी जी गोष्ट मी न विसरता करायचो, तिची इथे आठवणही झाली नव्हती. मी त्या जीपला, त्या तेलाला आणि स्वतःला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या.

फाटकाशी चहाची टपरी होती. धावत जाऊन टपरीवाल्याकडे कढत पाणी मागितलं.

"बाळाच्या दुधाला का?" त्याने विचारलं.

"गाडीला."

कसंबसं सांगितलं, मागे बायको आहे, तिला आज घरी न्यायचंय, गाडीत खोबरेल थिजलंय. त्याने तिथल्या तिथे चहाचं पातेलं उतरवलं आणि पाण्याचं चढवलं. "मामा, तुम्ही पळा म्होरं, मी किटली घिऊन येतो," म्हणाला. त्या सकाळी त्याच्या टपरीवर कुणाला चहा मिळाला नाही.

आम्ही फिल्टरवर पाणी ओतलं, नळ्यांवर ओतलं, गोणपाट भिजवून टाकीला गुंडाळलं. एकीकडून पातळ व्हावं तोवर दुसरीकडे पुन्हा थिजायचं. माझे हात भाजले होते. दर खेपेला मी आधी मागच्या काचेतून तिची छाती हलतेय का ते बघायचो, आणि मग पाणी ओतायचो. देवाला म्हटलं, एवढं एक कर, पुढे तुझ्याकडे काही मागणार नाही.

"काय करतास ओ?" तिचा आवाज आला. मी दार उघडून वाकलो.

"तेल थिजलां गो."

ती चक्क हसली. "मगे उनात लावा. इतकी वर्सां काय सांगतंय मी?"

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. टपरीवाल्याने चारजण गोळा केले आणि ढकलत ढकलत आम्ही गाडी इमारतीच्या सावलीतून बाहेर, उन्हाच्या पट्ट्यात आणली. पुन्हा गरम पाणी. पुन्हा वाट. ऊन बॉनेटवरून टाकीपर्यंत सरकायला किती वेळ घेतं, ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी किल्ली फिरवली तर इंजिन खोकलं, विझलं, पुन्हा खोकलं आणि धरलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. टपरीवाला काचेवर थाप मारून ओरडला, "मामा, आता घर येईस्तवर बंद करू नका!"

नाहीच करायचं, असं मीही ठरवलं होतं. राधानगरीला थांबलो नाही. दाजीपूरच्या गारठ्यात गाडी अडखळली तेव्हा पाय ॲक्सिलेटरवरून उचलला नाही. मागून तिच्या श्वासाचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता. मी मोठमोठ्याने बोलत राहिलो. आता फोंडा येतला, मगे कणकवली, मगे कसाल, लेक दारात उभी आसा.

फोंडा घाटात लागलो तसा खालून गरम वारा आला. इंजिन आता चांगलं तापलं होतं. एका वळणावर वारा फिरला आणि आमचाच धूर खिडकीतून आत आला. तापल्या खोबरेलाचा, तळणीचा वास. गाडी त्याने भरून गेली.

"घर इला?" तिने विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

समोर नुसतं रान होतं. कठड्यावर माकडं बसली होती. घाट अजून अर्धाही उतरला नव्हता.

"इला गो," मी म्हटलं.

"मगे गाडी उनात लावा," ती म्हणाली. "तेल थिजात."

पुढच्या वळणावर रस्ता रुंद होता आणि तिथे ऊन होतं. मी गाडी घरच्यासारखीच पूर्वेकडे तोंड करून लावली. घरापर्यंत बंद करायचं नाही म्हणून ठरवलेलं इंजिन बंद केलं. मागे जाऊन तिचा हात धरून बसलो. हाताला ऊब होती तोवर बसलो.

मुलगी अजून अधूनमधून विचारते, "बाबा, आई वाटेतच गेली मा?"

मी तिला सांगतो, "नाय गो. घराक येवन गेली."