ताईंचा डबा

बोईसरच्या आमच्या डब्यांच्या कंपनीत फेसबुकवरच्या तक्रारींना उत्तरं देणाऱ्या ताई जवळच्या मुरबे गावच्या आहेत. तक्रार आली की त्या आधी स्क्रीनकडे बघून मोठ्याने म्हणतात, "हो काका, समजलं," आणि मगच टाइप करतात. मी शेजारच्या टेबलावर बसतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

यंदा आम्ही नव्या झाकणाचा डबा काढला. गरम भाजी भरली की झाकण असं काही घट्ट बसायचं की कुणालाच उघडता यायचं नाही. चिडलेल्या लोकांनी आमच्या पेजवर व्हिडिओ टाकले. साहेब म्हणाले, "सगळ्या कमेंट काढून टाका."

"काढल्या तर लोकं अजून चिडतील, साहेब. मला एकदा बोलू द्या," ताई म्हणाल्या.

"फक्त सॉरी म्हणा," साहेबांनी बजावलं.

जेवायच्या सुट्टीत ताईंनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि लाईव्ह जाऊन स्वतःचाच नव्या झाकणाचा डबा उघडायला घेतला. झाकण ओढणीने धरून ओढलं, डबा गुडघ्यांत दाबून ओढलं. शेवटी खळखळून हसत आपल्या गावच्या बोलीत म्हणाल्या, "माजा पन उघडत नाय. चूक आमचीच हाय. डबा दुकानात द्या, आमी बदलून देतो."

बदलून देण्याचं कुणी ठरवलंच नव्हतं. मी घाबरून समोर जेवायला बसलेल्या साहेबांकडे पाहिलं. तेवढ्यात माकुणसार गावच्या एका आजींची कमेंट आली. मी ती वाचून दाखवली: "मंग बाय, तू जेवलीस का नाय?"

सगळं ऑफिस हसलं. साहेबही हसले, आणि त्यांनी स्वतःचा डबा ताईंपुढे सरकवला. तो जुन्या झाकणाचा होता.