पलीकडच्या काठावरचा नावाडी

आमच्या सासऱ्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात गेलं. मागांच्या खडखडाटात शेजारच्याला काही सांगायचं तर ओरडावंच लागायचं. त्यात कान मंद झाले आणि आवाज चढला तो चढलाच. गल्लीत त्यांना 'भोंगा' म्हणत. आमच्या घरात गुपित म्हणून टिकायचं नाही. सासूबाईंच्या पोटाची तक्रार सासऱ्यांनी माझ्या कानात सांगितली, तर समोरच्या काकूंनी गॅलरीतून उपाय सुचवला.

निवृत्तीनंतर ते दिवसभर घरात आणि घरात माझं तान्हं बाळ. जो तो त्यांना "हळू बोला" म्हणे. होता होता त्यांनी बोलणंच सोडलं. चहा हवा असला की रिकामा कप वर करून दाखवत. एवढा धिप्पाड माणूस, पण खुर्चीत अंग चोरून बसायचा.

त्याच सुमारास नगरपालिकेनं नाट्यस्पर्धा ठेवली. प्रत्येक वॉर्डानं आपलं नाटक बसवायचं, कलाकार वॉर्डातलेच हवेत, वयाची अट नाही. तालमीला शाळेचा हॉल आणि शिकवायला माणूस नगरपालिका देणार होती. आमच्या वाट्याला ग्रंथालयातल्या बाई आल्या. मी हौसेनं नाव दिलं. बाळाला सांभाळायला सासरे सोबत येत आणि मागच्या बाकावर बसत.

आमचा नायक म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी. ऐन रंगात आला की हमखास वाक्य विसरायचा. एकदा असाच अडला आणि मागच्या बाकावरून पुढचं वाक्य आलं, "थांब, कुठे निघालास?" बाहेर रस्त्यानं जाणारा सायकलवाला खरंच थांबला. आम्ही हसून हसून बेजार. सासरे मात्र ओशाळले आणि बाळाला घेऊन निघालेच.

बाई त्यांच्यामागे दारापर्यंत गेल्या. नाटकात नदीपलीकडून हाक देणारा एक नावाडी होता. त्या कामाला कोणी सापडत नव्हतं. बाईंनी सरळ त्यांनाच विचारलं. सासऱ्यांनी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"हळू बोलावं लागेल ना?"

"अजिबात नाही, बाबा. तुम्ही पलीकडच्या काठावर आहात."

त्या रात्री ते पोटभर जेवले.

स्पर्धा उघड्या मैदानावर झाली. सासूबाई आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन पार मागे बसल्या होत्या. मावशींना फार कमी ऐकू येतं. सासऱ्यांनी हाक दिली आणि सगळं मैदान वळून नदी शोधायला लागलं. आमचा नंबर तिसरा आला. घरी येताना सासूबाईंनी त्यांचा दंड धरला. "ताईला किती वर्षांनी नाटक ऐकू आलं," एवढंच म्हणाल्या आणि घर येईपर्यंत दंड सोडला नाही.

दुसऱ्या आठवड्यात सासरे इस्त्रीचा सदरा घालून नगरपालिकेत निघाले. मीही गेले. पाण्यासाठी, गटारासाठी मी तिथे कितीदा भांडले असेन! कारकुनानं त्यांचा आवाज ऐकला आणि मान वर न करता तक्रारीची खिडकी दाखवली.

"तक्रार नाही," सासरे म्हणाले. "आभार मानायचेत. ते कुठे मानायचे?"

कारकून गोंधळला. त्यानं शेजाऱ्याला विचारलं, शेजाऱ्यानं साहेबांना. कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी तो स्वतः उठला, आतून खुर्ची आणली, पाणी दिलं. सासरे ऐसपैस बसले आणि पहिल्या प्रवेशापासून नाटक सांगायला लागले.