राजेसाहेबांचा पुकारा

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, कोर्टात पुकारा करायचे. वकिलांनी भांडायचं, न्यायाधीशांनी निकाल द्यायचा आणि आतोबांनी दारात उभं राहून, ज्याचं प्रकरण आलं त्याच्या नावाने तीनदा हाक मारायची, एवढंच त्यांचं काम. पण ‘एवढंच’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती.

“पुकारा झाल्याशिवाय न्यायाधीशांनाही तोंड उघडता येत नाही,” ते म्हणत. “म्हणजे कोर्ट कोण चालवतं?”

“कोर्ट चालवा,” आत्या आतून म्हणायची, “पण आधी तो गळका नळ बघा.”

आवाज मात्र होता हो माणसाला! खिसेकापू असो की कारखानदार, हाका तीनच आणि तेवढ्याच खणखणीत. ही सवय घरीही यायची. “चहा!” अशी पहिली हाक आली की आत्या ढिम्म. दुसरीला ती भांडं शोधायला लागायची आणि तिसरीला चहा हजर व्हायचा. “पहिल्या हाकेला गेले तर यांना चुकल्यासारखं होतं,” असं तिचं म्हणणं.

त्यांना एकच मुलगी. थोरली कुणी नसूनही तिला सगळे धाकटीच म्हणत. ती सरकारी शाळेत शिकवायची, पण नेमणूक अशा डोंगरात की घरी यायचं तर प्रवासातच अर्धी सुट्टी संपायची. बदलीचे अर्ज करून करून तिचं अक्षर सुधारलं होतं, बाकी काही झालं नव्हतं. आत्या रोज तिच्या खोलीतली चादर झटकायची आणि त्याबद्दल कुणाशी बोलायची नाही.

त्याच सुमारास एका दूरच्या देशाचे राजे आमच्या शहरात सरकारी पाहुणे म्हणून आले. कसलासा मोठा करार व्हायचा होता. त्यांच्या गाड्यांचा ताफा आमच्या चौकातून असा काही वळला की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची हातगाडी आडवी झाली. निखारे रस्त्यावर, लोकांचे शर्ट गटारात. ताफा थांबला नाही. थांबले ते पोलीस, आणि त्यांनी रस्त्यात अडथळा केल्याबद्दल हातगाडीच उचलून ठाण्यात नेली. ती गाडी म्हणजे बाईचं दुकान, तिजोरी आणि पेन्शन, सगळं एकच.

इस्त्रीवाली गप्प बसणारी नव्हती. तिने वकील गाठला आणि दावा लावला. प्रतिवादी नंबर एक, राजेसाहेब. नंबर दोन, पोलीस ठाणे. वकील नवा होता. त्याने राजांचं नाव वर्तमानपत्रातून जसंच्या तसं, सगळ्या पदव्यांसकट, दाव्यात उतरवलं.

ते नाव वाचून आतोबा हरखून गेले. वाळवंटांचे स्वामी, सात बंदरांचे रक्षक, विद्या आणि कलांचे आश्रयदाते, घोडदळाचे सरसेनापती, आणि मग खुद्द नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. उभ्या नोकरीत असा पुकारा वाट्याला आला नव्हता. ते न्हाणीघरात तालीम करायला लागले. आश्रयदात्यांपाशी श्वास घ्यायचा की सरसेनापतींपाशी, यावर जेवतानाही खल चाले.

“सातही बंदरं झाली असतील तर बाहेर या,” आत्या दार वाजवायची. “पाणी जाईल.”

सुनावणी तोंडावर आली आणि तो करार जुळवणाऱ्या इथल्या नेत्यांचा माणूस घरी आला. अंगाला अत्तर, हातात दोन मोबाईल, बोलणं अगदी लोण्यासारखं.

“काका, त्या दिवशी तुमचा घसा बसायला हवा.”

“माझा घसा कधी बसत नाही,” आतोबा म्हणाले.

“म्हणूनच सांगायला आलो. बाकीची नावं कशीबशी घ्या. राजेसाहेबांच्या नावाला नुसता खोकला काढा. पुकारा नाही म्हणजे पुढची तारीख. तोवर करारावर सही होईल, राजे जातील.”

“पण आपलं कोर्ट त्यांना काय करणार? परक्या राजावर आपला कायदा चालतच नाही ना?”

“नाहीच चालत. न्यायाधीश त्यांना वगळतील हे शेंबडं पोरही सांगेल. पण वगळायच्या आधी तुम्ही व्हरांड्यात त्यांच्या नावाने ओरडणार. यादीत वर कोंबडीचोर, खाली दारुडा, मध्ये राजेसाहेब! उद्या ते पेपरात आलं तर?” मग त्याने एक मोबाईल उगाच चाळला. “तुमची मुलगी लांब असते म्हणे. साहेबांनी मनावर घेतलं तर महिन्याभरात इथल्या शाळेत येईल.”

तो गेल्यावर आत्याने दाराला कडी घातली.

“त्या बाईची गाडी?” आतोबांनी विचारलं.

“पुढच्या तारखेला सुटेल,” आत्या म्हणाली. पुढच्या तारखेची पुढची तारीख कशी होते हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. तरीही सुनावणीच्या सकाळी आत्यानेच कपाटातला लोकरी मफलर काढला आणि नवऱ्याच्या गळ्याभोवती दोन वेढे दिले. त्यांनी गुळण्या केल्या, आरशासमोर खोकून पाहिलं आणि निघाले.

पुढचं मी इस्त्रीवालीकडून ऐकलं, आणि आतोबांकडूनही. दोघांच्या सांगण्यात फरक इतकाच की आतोबांच्या सांगण्यात आवाज गेटबाहेर रिक्षावाल्यांपर्यंत गेला होता, आणि तिच्या सांगण्यात फक्त कँटीनपर्यंत.

कोंबडीचोराचं नाव आतोबांनी घोगऱ्या आवाजात घेतलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “घसा बसला वाटतं?” आतोबांनी केविलवाणी मान हलवली. मग कारकुनाने पुढचा कागद धरला. आतोबा दारात गेले, तोंड उघडलं आणि खोकले. पुन्हा खोकले. न्यायाधीश पुढची तारीख द्यायला वळणार, तेवढ्यात बाकावरची इस्त्रीवाली उठली.

“साहेब, यांना बरं नाही. मी मारते की हाक!”

आणि परवानगीची वाट न बघता ती दारात आली, कमरेवर हात ठेवला आणि भाजीवाल्याला थांबवावं तशी ओरडली, “ओ राजेसाऽहेब! आहात का हो बाहेर? नसाल तर तसं सांगा, लोक खोळंबलेत!”

कोर्टात हशा पिकला. कारकूनही हसला. आतोबांचे कान लाल झाले. त्यांच्या दारात, त्यांच्या जागी, दुसऱ्या कुणी पुकारा केला होता! तोही असा! एक पदवी नाही, वडिलांचं नाव नाही!

“बाजूला हो,” ते खणखणीत आवाजात म्हणाले आणि मफलर ओढून काढला.

मग झाला तो पुकारा. वाळवंटं, बंदरं, विद्या, कला, घोडदळ, आजोबांपर्यंत सगळं घराणं, आणि शेवटी “हाऽजिर?” एकदा, दोनदा, तीनदा. श्वास सरसेनापतींपाशी. व्हरांड्यातले लोक खरंच वळून बघायला लागले, न जाणो, आले असले तर. कुणी आलं नाही, अर्थातच.

न्यायाधीशांनी पाच मिनिटांत राजांना वगळलं. परक्या देशाच्या प्रमुखाला इथे जाब विचारता येत नाही, हे त्यांनी वाचून दाखवलं. मग चष्मा पुसत ते नंबर दोनकडे वळले.

“हे संरक्षण राजांना आहे. हातगाडी कुठल्या कायद्याने अडकवलीत?”

पोलिसांच्या वकिलाने कागद बरेच उलटेपालटे केले. संध्याकाळी गाडी चौकात परत आली, एक चाक वाकडं, पण आली.

राजांवर बोट ठेवायचं तर राहूच द्या, ‘धडक कुणी दिली’ हे वाक्यसुद्धा निकालात आलं नाही. इस्त्रीवालीला त्याचा राग अजून आहे. मी एकदा विचारलं, “तू मुद्दाम ओरडलीस ना गं?” ती शर्टावर पाणी शिंपडत म्हणाली, “ताई, तुमच्या आतोबांच्या कोटाला किती वर्षं इस्त्री करतेय मी. कुठली घडी कुठे मोडते, ठाऊक नको?”

त्या संध्याकाळी आतोबा घरी आले ते पायरीवरच रेंगाळले. चहाची हाक नाही. आत्याला बातमी केव्हाच कळली होती. तिने हाकेवाचून चहा आणून ठेवला आणि तोंड फिरवून बसली. बदली गेली हे दोघांनाही माहीत होतं. नेत्यांच्या माणसाचे दोन्ही मोबाईल त्या दिवसापासून लागले नाहीत.

तेवढ्यात धाकटीचाच फोन आला. तिलाही कुणीतरी कळवलं होतं.

“बाबा, एकदा म्हणून दाखवा ना.”

“अगं, तुझी बदली...”

“ते मला कळलं. तुम्ही म्हणा.”

आतोबांनी आत्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात, जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात, त्यांनी सगळ्या पदव्या म्हटल्या. पलीकडे ती हसत होती. हसता हसता थोडी थांबली, मग पुन्हा हसली.

आत्या उठली. तिने तो मफलर झटकला, नीट घडी घातली आणि धाकटीला पाठवायच्या पार्सलात वर ठेवला.

“आणि तिला सांगा,” ती म्हणाली, “रोज गुंडाळ म्हणावं. तिकडे थंडी फार असते.”