टोपी टाकून धरलेली जागा

येष्टीला त्या दिवशी ही गर्दी. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली, खिडकीतनं आत टाकली आणि माझी जागा धरली. मी आत घुसून बसलो, टोपी परत द्यायला हात बाहेर काढला, तोवर गाडी हलली. बीडकडलं आमचं गाव. तिथं बाप्या माणूस चारचौघांत बोडक्यानं उभा राहत नसतो. वडील राहिले. ओरडून म्हणाले, "ऱ्हाऊ दे टोपी! जागा सोडू नको!"

चिखलीत खोली घेतली, चाकणला कंपनीत लागलो. पहिल्या दिवशी कंपनीची बस आली तशी मी तीच टोपी खिडकीतनं आत फेकली. अख्खी बस हसली. ड्रायव्हर म्हणाला, "पाव्हणं, मुकुट उचला! हितं ज्याची त्याची जागा ठरल्याली हाय. तुमची मागून तिसरी." राग आला होता. पण परक्या मुलखात कुणीतरी माझ्यासाठी जागा मोकळी ठेवलेली बघून टोपी उचलली आणि तिथं जाऊन बसलो.

गावाकडचे तुम्ही विचारता, रोज एवढा वेळ बसमध्ये कसा काढला? आणि हिकडं आलेले तुम्ही मोशीच्या ट्रॅफिकला शिव्या देता. मी न्हाई देणार. शेजारच्या सीटवरच्या कांबळेभाऊंनी मला सही शिकवली ती त्या ट्रॅफिकमध्येच. गाडी चालू असली की अक्षर हलायचं. अडकली की मी वही काढायचो. आता सून त्याच रस्त्यानं चाकणला जाते. तिच्या बसमध्ये बाया लसूण सोलतात, वाढदिवस करतात, एकमेकींच्या खांद्यावर झोपतात. नुसता प्रवास म्हणता व्हय याला?

पहिल्या दिवाळीला टोपी परत द्यायला गेलो, तर वडील घेईनात. "पर्मनंट झाला का? न्हाई ना? मग ठेव." नवी पण घेतली न्हाई. चार वर्षं उपरणं गुंडाळून फिरले. हट्ट आमच्या रक्तातच हाय. शेवटी पर्मनंटच्या कागदावर अंगठा नव्हे, सही केली, आणि टोपी नेऊन त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्यांनी ती नीट केली आणि म्हणाले, "आता निघ, शिफ्ट चुकंल."

वडील गेले, टोपी माझ्याकडं आली. परवा गावाहून परत निघालो. पुतण्या खिडकीतनं रुमाल टाकायला लागला, त्याला बाजूला सारलं. टोपी मीच टाकली.

कंडक्टर आला. "आबा, कुठं?"

"घरी."

"अहो, पण घर कुठं?"

"चिखलीला."

बोलून गेलो आणि जीभ चावली. बाहेर गावचा स्टँड मागं सरत होता. टोपी मांडीवर घेतली आणि बसून राहिलो. जागा सोडू नको म्हणालेच होते.