वर्लिनच्या हातची गोळी

दुसऱ्याने भरलेली गोळी आपल्या पिस्तुलात घालायची नाही, हा आमच्या खोऱ्यातला नियम. सख्खा भाऊ असला तरी नाही. त्याच्या ताटातलं खा, त्याचा ट्रक न विचारता घेऊन जा, लग्नात त्याच्या बायकोबरोबर नाच, पण त्याच्या तळघरात भरलेल्या काडतुसाला लांबूनच नमस्कार. कारण उघड आहे. काडतुसाच्या पुंगळीत दारू दुप्पट पडली तर पिस्तूल हातात फुटतं. अजिबात पडली नाही तर शिसं नळीत अडकून बसतं आणि मागून येणारी गोळी त्याच्यावर आदळते. म्हणून ज्याने त्याने आपली आपण भरायची आणि आपल्या चुकीने आपणच मरायचं.

या नियमाला आमच्या नेमबाजीच्या क्लबात एकच अपवाद होता, आर्डिथ स्टकी. सदतीस वर्षं ती दर गुरुवारी लोखंडी ताटल्या पाडायला यायची, आणि तिच्या रिव्हॉल्व्हरमध्ये फक्त नवऱ्याने, वर्लिनने, भरलेली काडतुसं असायची. नेमबाज म्हणून ती वर्लिनपेक्षा कितीतरी चांगली. तो स्वतः फारसा झाडत नसे. पूर्वी मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसायचा आणि ताटली पडली की आपणच पाडल्यासारखी मान हलवायचा; गेली काही वर्षं घरीच थांबायचा.

वर्लिन पोलादाच्या गिरणीत चाळीस वर्षं लेथवर होता. केसाचे चार भाग करून त्यातला एक मोजणारा माणूस. गिरणी बंद पडली, लेथ भंगारात गेला, पण मोजायची खोड गेली नाही. बोलायचा बेताचंच. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पण बायकोला त्याने कधी ‘छान दिसतेस’ म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तिने झाडून परत आणलेल्या रिकाम्या पुंगळ्या तो पुन्हा भरायचा, आणि दर बुधवारी कॉफीच्या जुन्या डब्यात शंभर काडतुसं घालून डबा ओट्यावर ठेवायचा. त्याचं प्रेमबीम जे काय असेल ते त्या डब्यात. आणि ती गुरुवारी घरी आली की म्हणायची, “छान चालल्या.” तेवढ्यावर गड्याचा आठवडा निघायचा.

काडतुसं भरायचं त्याचं जुनं प्रेस साधं होतं. एका वेळी एक पुंगळी, एका वेळी एक काम. शंभरांना अख्खी दुपार लागायची, आणि शिसं बसवायच्या आधी तो विजेरी घेऊन एकेका पुंगळीत डोकावून दारू बघायचा. नाताळात लेकीने, रोंडाने, आणि आर्डिथने मिळून त्याला नवं यंत्र आणून दिलं. त्यात एक फिरती चकती, चकतीवर पाच घरं. हँडल एकदा खाली-वर केलं की पाचही घरांत पाच कामं एकदम होतात, चकती एक घर पुढे सरकते आणि तयार काडतूस टपकन टोपलीत पडतं. वर एक पिपाणी. दारू कमी पडली किंवा जास्त पडली तर ती किंचाळते.

“हे कशाला आणलंत?” वर्लिन म्हणाला. “जुनं काय लंगडतंय का?”

“तुझे खांदे दुखतात म्हणून,” आर्डिथ म्हणाली आणि ॲपल पाय कापायला स्वयंपाकघरात गेली.

यंत्राने पहिल्या दिवसापासून छळ मांडला. पुंगळीच्या बुडाला बसणारी ठिणगीची टोपी आडवी शिरायची. चकती हिसका मारून सरकायची आणि दारूचे कण सांडायचे. वर्लिनने चकतीखालची कड घासली, स्प्रिंग बदलली, दारूचं माप वीस वीस वेळा तोलून पाहिलं. हा त्याच्या हातचा खेळ होता. यंत्राचा दोष शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, हे त्याने गिरणीत दोन पिढ्यांना शिकवलं होतं. तसं करत करत फेब्रुवारीपर्यंत यंत्र लोण्यासारखं चालायला लागलं.

आणि तरीही शंभरात एखादं काडतूस हलकं निघे. उघडलं की आत दारू नाही. कधी एखादं जड निघे, त्यात दुप्पट.

त्याने कंपनीला फोन लावला. पलीकडे कुणी पोरगेला माणूस होता. “सर, तुम्ही हँडल अर्ध्यात थांबवत तर नाही ना?” वर्लिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बाळा, तुझा बाप दूध पीत होता तेव्हापासून मी हँडलं ओढतोय!” असं म्हणून त्याने फोन आपटला.

शेजारचा स्टॅन क्रुपा हे सगळं बघत असे. गिरणीत तो वरच्या क्रेनवर असायचा. आता बायको गेल्यापासून वर्लिनच्या तळघरातल्या स्टुलावर. “नाचता येईना अंगण वाकडं,” असं त्याने एकदा गमतीत म्हटलं, आणि वर्लिन दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. त्यानंतर स्टॅनने गंमत बंद केली. तशीही प्रेसवर माणूस असताना त्याच्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची शिस्त. लक्ष विचलित होतं आणि घर चुकतं. त्यामुळे स्टॅन बसून नुसता बघायचा. जे दिसत होतं ते त्याला घरी गेल्यावर झोपू देत नव्हतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

मार्चातल्या एका रविवारी स्टॅन चर्चमधून पिरोगीचं, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचं, भांडं घेऊन आला, तर वर्लिन यंत्राचे कान पिळत उभा. पिपाणी बाजूला काढून ठेवलेली.

“ही का काढलीस?”

“बिघडलीय. कारण नसताना ओरडते. सोमवारीच काढून टाकली.”

“वर्लिन, ती लाव रे परत.”

“तुला काय कळतंय? क्रेनवर बसून आयुष्य गेलं तुझं.” मग वर्लिन थांबला. यंत्राकडे पाहिलं, स्टॅनकडे पाहिलं. “बरं, लावतो. मी सगळं बदलून पाहिलं. स्प्रिंग, चकती, माप. फक्त एक गोष्ट बदलली नाही. ये, बस इथे. तू मार हँडल.”

“नको रे.”

“का? घाबरलास?”

“नको म्हणतोय तर ऐक की, म्हाताऱ्या. जेवू या. गार होतंय.”

“बस म्हणतो ना!”

स्टॅन बसला. आयुष्यात यंत्राशी दोस्ती नसलेला माणूस तो, हँडल मारायचा ते विहिरीचा पंप मारल्यासारखं. शंभर काडतुसं टोपलीत पडली. पिपाणी एकदाही वाजली नाही. वर्लिनने शंभरच्या शंभर तोलली. सगळी बरोबर.

मग एकाही स्क्रूला हात न लावता वर्लिन बसला. सुरुवातीला त्याचा हात असा चालत होता की बघत राहावं. हँडल खाली, हँडल वर, मनगटाला झटका नाही. तिसाव्या-पस्तिसाव्याला हात अर्ध्यात थांबला. वर्लिन समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर काही नव्हतं. मिनिटभर तो तसाच. मग हँडल अर्ध्यातूनच वर गेलं, चकती न सरकताच त्याच घरात परत खाली आलं, आणि पिपाणी किंचाळली.

“आता का ओरडली ही?” वर्लिनने विचारलं.

वर्लिनने सगळी घरं रिकामी केली आणि पुन्हा सुरू केलं. साठाव्या काडतुसाच्या पुढे हात पुन्हा थांबला, पुन्हा भिंत, पुन्हा किंचाळी.

“मी थांबलो होतो?”

“हो.”

“किती वेळ?”

“बराच वेळ, वर्लिन.”

वर्लिन स्टुलावर बसून राहिला. त्याला थांबलेलं आठवत नव्हतं. त्याच्या लेखी हात सरळ खाली गेला होता आणि सरळ वर आला होता. गिरणीत त्याने शंभर पोरांना सांगितलं होतं, शेवटी जे उरतं तोच दोष असतो, मग तो आवडो न आवडो. इथे आता तो स्वतःच उरला होता. त्याला एकच गोष्ट सुचली, गुरुवारी आर्डिथ ही काडतुसं घेऊन नेमबाजीच्या रेषेवर उभी राहणार. तो कठड्याला धरून जिना चढला.

आर्डिथ ओट्याशी कांदा परतत होती.

“तुझ्याकडे माझी भरलेली किती काडतुसं आहेत?” त्याने विचारलं. “सगळी आण. एकही झाडायचं नाहीस तू. ऐकतेस ना? एकही नाही.”

तिने गॅस बारीक केला. ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडून डबे काढायला लागली. एक, दोन, पाच, नऊ. डबे संपेनात. कॉफीचे सगळे डबे काठोकाठ भरलेले, झाकणावर त्याच्याच पेन्सिलीने तारखा. सगळ्यात जुनी ऑगस्टातली.

“हे... तू झाडल्याच नाहीस?”

“नाही.”

“दर गुरुवारी म्हणायचीस की छान चालल्या!”

“म्हणायचे.” तिने हात पुसले. “ऑगस्टात एक नुसती फुस्स झाली. शिसं नळीत अडकलं. माझं बोट पुढची गोळी झाडायला चापावर होतं, वर्लिन. मागे उभा असलेला स्टॅन ओरडला म्हणून थांबले. त्याने गज घालून ते काढलं. तेव्हापासून मी दुकानातल्या आणते. रोंडाने शोधून शोधून पिपाणीवालं यंत्र घेतलं, वाटलं त्याने निभेल.”

ऑगस्टात तर जुनंच प्रेस होतं. म्हणजे नव्या यंत्राचा या सगळ्याशी काही संबंधच नव्हता. दुकानातल्या पुंगळीच्या बुडावर वेगळा शिक्का असतो. सात महिने ती त्याला त्याच पुंगळ्या भरायला आणून देत होती, आणि केसाचे चार भाग मोजणाऱ्या माणसाला तो शिक्का दिसला नव्हता. आर्डिथ आणि स्टॅन, दोघांनी ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि त्यालाही कसला पत्ता लागला नव्हता.

“मला सांगायचं नाही का?” वर्लिन ओरडला. “मी काय लहान मूल आहे? सेहेचाळीस वर्षं! आर्डिथ, सांगायचंस तरी!”

तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. “सांगितलं रे. मागच्या रविवारी असाच वर आलास. तेव्हाही स्टॅननेच आधी हँडल मारलं होतं. तेव्हाही पिपाणी तुझ्यावरच ओरडली. हे सगळे डबे मी असेच काढले. तू इथेच बसून रडलास आणि म्हणालास, उद्या यंत्र काढून टाकू. सोमवारी उठलास तर काही आठवत नव्हतं. खाली गेलास आणि पिपाणी काढून ठेवलीस. मला पुन्हा सांगवलं नाही.”

वर्लिन खुर्चीवर बसला. कांदा करपायला लागला होता, दोघांपैकी कुणी उठलं नाही.

“उद्या मी परत विसरेन,” तो म्हणाला.

“हो.”

“मग उद्यावर नको. आत्ता काढू. मी ‘हो’ म्हणतोय तोवर.”

दोघं खाली आली. स्टॅन तसाच स्टुलावर बसलेला, मांडीवर पिरोगीचं गार भांडं. त्यांचे चेहरे बघून तो उठला. यंत्र बाकाला चार बोल्टांनी जखडलेलं होतं, वर्लिननेच आवळलेले, दुसऱ्या कुणाच्या बापाच्याने निघाले नसते. म्हणून पाना त्यानेच घेतला. पहिला बोल्ट निघाला, दुसरा निघाला. आर्डिथने दोन्ही बोल्ट ॲप्रनच्या खिशात टाकले.

तिसऱ्यावर पाना लावला आणि वर्लिनचा हात थांबला. तो भिंतीकडे बघायला लागला. स्टॅनने आर्डिथकडे पाहिलं. बराच वेळ गेला.

“स्टॅन,” वर्लिनने विचारलं, “काय बिघडलंय म्हणालास याचं?”

“काही नाही रे, म्हाताऱ्या,” स्टॅन म्हणाला. “काही बिघडलेलं नाही. तू पाना फिरव.”

“बोल्ट ढिले झालेत बघ. म्हणून दारू सांडतेय,” वर्लिन म्हणाला, आणि त्याने पाना घट्ट करायच्या बाजूला फिरवला.